चौदा महिने कलशात

"हेरा, हे पत्र मी टपालात टाकणार नाही. टाकलं तर तू म्हणशील चष्मा सापडत नाही, आणि त्याच्यावर मेणाचा गोळा ठेवून मोकळा होशील. म्हणून तुझ्या दारात उभी राहून मोठ्याने वाचते आहे. छिन्नी खाली ठेव. माझ्या घरची देवी तू दुरुस्तीला नेलीस त्याला आज चौदा महिने झाले. दोन आठवडे म्हणाला होतास. तुझ्याकडे तिचं नुसतं शरीर आहे. जीव माझ्या देवघरात कलशात उतरवून ठेवलेला आहे, आणि त्या कलशाची रोजची पूजा मी करते, कारण घरात दीक्षा घेतलेली मी एकटी उरले आहे. मला एक दिवस गाव सोडता येत नाही. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं. मी बहात्तर वर्षांची आहे. उद्या मी गेले तर त्या कलशाला हात कोण लावणार? गातिलाच्या व्रताला अठरा दिवस राहिलेत. त्याच्या आत वसुंधरा देवी माझ्या घरी बसलेली हवी. नाहीतर तुझं माझं नातं संपलं असं समज. तुझी तता, चंपाशोभा."

पत्र संपलं. चंपाशोभाने ते चार घड्या घालून पिशवीत ठेवलं. बहालाच्या, म्हणजे जुन्या विहाराच्या चौकात कबुतरं दाणे टिपत होती, आणि समोरच्या खिडकीत दोन शेजारणी कोपर टेकून, पुढे आणखी काही आहे का याची वाट बघत होत्या.

"झालं?" हेराकाजीने आतून विचारलं.

"झालं."

"मग आत ये. उन्हात उभं राहून वाचलंस, त्याने अक्षर काही मोठं होत नाही."

हेराकाजी शाक्य, वय सत्तर. चंपाशोभाच्या पाठचा भाऊ, म्हणून ती त्याची तता, थोरली बहीण. चटईवर पोत्याची घडी टाकून बसायचा आणि चष्म्याची तुटलेली काडी दोऱ्याने कानाला बांधायचा. नेपाळातल्या पाटणच्या मूर्तिकारांत तो हातांसाठी प्रसिद्ध होता. म्हणजे खरोखरीचे हात. मूर्तीचं अंग एका कारखान्यात व्हायचं, दागिने दुसरीकडे, आणि हात मात्र मेणात घडवायला हेराकाजीकडे यायचे. सोळा हातांचा हेवज्र असो की बारा हातांचा चक्रसंवर, प्रत्येक हातातली कवटी, त्रिशूळ, डमरू तो मेणात असा बसवायचा की बोट कुठे संपतं आणि शस्त्र कुठे सुरू होतं ते कळू नये. नवख्यांनी छातीशी धरलेल्या वज्र-घंटेची मनगटं एकमेकांवरून न नेता नुसती शेजारी ठेवली, की तो मेण हातात घेऊन म्हणायचा, "वज्र म्हणजे उपाय, घंटा म्हणजे प्रज्ञा, ती एकमेकांना भेटली पाहिजेत. हा तर नुसता शाळेची घंटा वाजवणारा शिपाई झाला." आणि मेण पुन्हा कोमट पाण्यात टाकायचा.

एवढ्या हुशार माणसाला बहिणीच्या घरच्या वीतभर मूर्तीचा एक डावा हात चौदा महिन्यांत जमू नये, याचा चंपाशोभाला संताप यायचा. ती अठ्ठावीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली होती. कारण न देता उत्तर चुकवणाऱ्या मुलांना तिने कधी सोडलं नव्हतं.

तिने त्याला कारणं विचारली नव्हती असं नाही. गेल्या वर्षी वैशाखात भूकंप झाला. देवघराची भिंत चिरली आणि देवी कोनाड्यातून खाली आली. डावं मनगट तडकलं आणि हातातली सोन्याच्या मुलाम्याची भाताची लोंबी निखळून फरशीवर पडली. दुसऱ्याच दिवशी हेरा धापा टाकत आला. माणसं तेव्हा चौकात ताडपत्रीखाली बसून बजी, म्हणजे कोरडे पोहे, आणि काळे सोयाबीन चघळत होती. याने बहिणीला कशी आहेस असंही विचारलं नाही. म्हणाला, "देवी कशी आहे?" तेव्हाच तिला राग आला होता.

आषाढात घरचे पुरोहित सप्तमुनि गुरुज्यू आले. आरशात देवीचं रूप धरलं, पाच रंगांचा दोरा लावला आणि तिचा जीव चांदीच्या कलशात उतरवला. जीव काढला की उरतं ते तांबं, मग त्याला कोणीही हात लावावा. हेराने ते तांबं लाल फडक्यात गुंडाळून नेलं. आणि मग सुरू झालं. श्रावणात म्हणाला, माती ओली आहे, साचा वाळत नाही. आश्विनात भारताच्या सीमेवर नाकाबंदी लागली, गॅस मिळेना. ते तिने मान्य केलं, तरी म्हणालीच, "आपले बाबा काय गॅसवर ओतकाम करायचे?" माघात थंडीने मेण तडकतं म्हणाला. चैत्रात उन्हाने वितळतं म्हणाला. ज्येष्ठात काही म्हणालाच नाही, नुसता चहा पाजला.

आज ती चहा घ्यायला बसली नाही.

"कारण सांग. आणि हवामान सोडून सांग."

हेराकाजीने छिन्नी खाली ठेवली. उठला, कोपऱ्यातली पत्र्याची पेटी उघडली आणि लाल फडकं तिच्यासमोर सोडलं. चंपाशोभाने देवीला असं उजेडात, वस्त्रांशिवाय कधी पाहिलंच नव्हतं. देवघरात ती गळ्यापासून पायापर्यंत पिवळ्या किनखापात असायची. वर्षातून एकदा स्नान व्हायचं, तेही पडद्याआड, समईच्या प्रकाशात.

"मनगटाला झाळ द्यायची तर मूर्ती तापवावी लागणार," तो म्हणाला. "तापवायची तर पोटातलं आधी काढावं लागणार. म्हणून तळाचा पत्रा उघडला."

पत्र्यावर ठोकलेलं आडवं-उभं वज्र तिला ओळखीचं होतं. प्रत्येक मूर्तीचं पोट त्यानेच बंद होतं. त्याने आतून निघालेली कागदाची बारीक गुंडाळी तिच्या हातात दिली. जुन्या पोथ्यांची रंजना लिपी तिला बाबांनी शिकवली होती. अडखळत का होईना, ती वाचायची. तिने वाचलं. पुन्हा वाचलं.

"ॐ तारे तुत्तारे..." ती थांबली. "हे तारा देवीचं आहे."

"हो."

"दुसऱ्या कुठल्या मूर्तीचं आत गेलं असेल."

"तता, हा हात बघ. अंगठा आणि अनामिका जुळलेत, उरलेली तीन बोटं वर. बुद्ध, धर्म, संघ. लोंबी धरायला कोणी असा हात करत नाही. हा कमळाचा देठ धरायचा हात आहे. आणि पाय बघ. वसुंधरेच्या पायाखाली कलश असतो. हिच्या पायाखाली छोटं कमळ आहे. पाय खाली सोडलाय तो उठून धावत यायच्या तयारीने."

"मग लोंबी कुठून आली?"

हेराकाजीने चष्मा काढला. दोरा कानाला अडकला तसाच राहिला.

"मी लावली."

आता हे सगळं ज्या साली झालं ते साल चंपाशोभाला नीट आठवत होतं, कारण त्या साली तिचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. सासरच्या मोठ्या घराची वाटणी झाली. त्यात ही देवी धाकट्या घराकडे, म्हणजे तिच्या सासऱ्यांकडे आली, आणि आली ती हात रिकामा. आजेसासऱ्यांच्या काळातल्या मोठ्या भूकंपात हातातलं काही तरी पडून हरवलं होतं. ते काय होतं हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं, आणि मोठ्या घराशी बोलणं बंद झालं होतं. तेव्हाच्या गुरुज्यूंनी सांगितलं, "सुनेच्या माहेरी द्या. शाक्यांचं घर आहे, त्यांना कळेल." माहेरी बाबा तेव्हा मोठ्या बुद्धाच्या ओतकामात गुंतलेले. त्यांनी मूर्ती एकोणीस वर्षांच्या हेराकडे सरकवली आणि म्हणाले, "हातात बसेल ते बसव."

"त्या आठवड्यात मी लोंब्या शिकत होतो," हेराकाजी म्हणाला. "दुसऱ्या एका वसुंधरेसाठी. हात चांगला बसला होता. वाटलं, हिलाही बसेल."

"वाटलं!"

"आणि इथे दंडाजवळ एक खुंट होता. बोटाच्या पेराएवढा. मला वाटलं, ओतकामाचा राहिलाय. रस आत जायला मेणाच्या काड्या लावतो ना आपण, त्यांचा तांब्याचा खुंट राहतो, तो घासून टाकायचा असतो. मला वाटलं, जुन्या माणसाने आळस केला. मी कानस मारली." त्याने देवीच्या दंडावरची गुळगुळीत जागा अंगठ्याने दाखवली. "तो कमळाचा देठ होता, तता. जुन्या माणसाने आळस केला नव्हता. मी देवीचं कमळ मुळापासून कानसलं."

चंपाशोभा खाली बसली. पोत्यावरच बसली, साडीला मेण लागेल याचा विचारही न करता.

लोंबी बघून सासऱ्यांनी ठरवलं, ही वसुंधरा. गुरुज्यूंनीही लोंबी बघितली आणि वसुंधरा म्हणून प्राणप्रतिष्ठा केली. आणि घरात वसुंधरा आली म्हटल्यावर घरच्या नव्या सुनेने गातिलाचं व्रत करायचं हे आपसूक ठरलं. दिवसभर उपास, मग एकदा जेवायचं, तेही अळणी, आणि दंडाला पिवळा दोरा. पहिल्या वर्षी ती कॉलेजची परीक्षा देऊन थेट पूजेला बसली होती, आणि अळणी जेवण तिच्या घशाखाली उतरलं नव्हतं.

"एक्कावन्न," ती म्हणाली. "एक्कावन्न गातिला केले मी. मीठ न खाता. त्यातले दोन बाळंतपणानंतर लगेच. एक तापात. कोणाचे केले रे मी? तारेचे असे उपास असतात का?"

"नाही."

"तुला केव्हा कळलं?"

"कागदाचं गेल्या वर्षी श्रावणात. बोटांचं आधी. बाबा गेल्यावर तारेच्या मूर्तींचं काम माझ्याकडे आलं तेव्हा. पस्तीस-चाळीस वर्षं झाली."

"आणि गप्प बसलास!"

"काय करणार होतो? तुझ्या देवघरात मला कोण सोडणार होतं? दीक्षा नाही मला. वाटायचं, आपल्याला नीट आठवत नसेल. एकदा तिचा हात बघायला मिळाला तर..." त्याने कानावरचा दोरा सोडवला. "भूकंप झाला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आता बघायला मिळेल."

"लाज वाटली नाही?"

"वाटली ना. म्हणून तर चौदा महिने गेले." पेटीतून त्याने एक वाटी काढली. पाण्यात दोन मेणाचे तुकडे तरंगत होते. एक बारीक लोंबी, दाणा न् दाणा सुटा. दुसरं अर्धवट उमललेलं कमळ, लांब वळणाच्या देठाचं. "दोन्ही केलीत. चैत्रात वितळली ते खोटं नव्हतं, पुन्हा केली. लोंबी लावली तर तीच चूक मी दुसऱ्यांदा करणार, आणि आता कळून. कमळ लावलं तर तुझी एक्कावन्न वर्षं... तूच सांग काय लावू?"

"आता मला विचारतोस? एकोणिसाव्या वर्षी विचारलं असतंस तर!" ती उठली. "जाते मी गुरुज्यूंकडे. शहाण्या माणसाशी बोलते."

सप्तमुनि गुरुज्यू आपल्या ओट्यावर बसून नातीचा गृहपाठ तपासत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मधे दोनदा, "अरेरे," म्हणाले, त्याचा चंपाशोभाला काही उपयोग झाला नाही.

"गुरुज्यू, कलशात आहे कोण ते सांगा."

"तू ज्या नावाने बोलावलंस ती आली असणार."

"आणि जिच्या शरीरात परत घालायची ते शरीर दुसरीचं आहे!"

"हं."

"हं काय? तुम्ही देवीचे सगळे संस्कार परत करणार. जन्म होणार, बारसं होणार, अन्नप्राशन होणार. बारशाला नाव कोणतं घेणार तुम्ही?"

गुरुज्यूंनी पेन्सिल कानामागे लावली. "त्या विधीत आईच्या जागी घरची थोरली बाई बसते. ती तू. बाळाचं नाव आईने सांगायचं, ब्राह्मणाने नाही आणि आमच्यासारख्या वज्राचार्य पुरोहिताने तर नाहीच नाही. तू सांगशील ते मी म्हणेन."

"मग तुम्ही विद्वान कशाला झालात?"

"तेच माझी बायकोही विचारते," गुरुज्यू म्हणाले, आणि नातीची वही पुन्हा हातात घेतली.

ती दोन गल्ल्या चालून आली आणि देवघरात कलशासमोर बसली. दुपारची वेळ होती. कलशाच्या तोंडावरची फुलं सकाळी तिनेच वाहिलेली. घरात सगळे जण तिला विचारायचे, आई, दुकान चालेल का, आई, पोर पास होईल का. तिला स्वतःला विचारायला फक्त ही होती, आणि तिचंही आता नाव नक्की नव्हतं. तिला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आला तो नुसता वैताग. वसुंधरा म्हणजे धान्य, समृद्धी. या घरात समृद्धी कधी आली? नवऱ्याचं भांड्यांचं दुकान बसलं. तो पंचेचाळिशीत गेला. तिने एकटीने पगारावर पोरं वाढवली. जिच्याकडे धान्य मागितलं ती धान्य देणारी नव्हतीच. आणि जी संकटात धावून येते तिला या घरात एकदाही कोणी हाक मारली नाही. तरी वैशाखात चौकातली चार घरं पडली आणि हे उभं राहिलं.

ती उठली. असल्या हिशोबाला अर्थ नव्हता. ती गणिताची बाई होती, पुरावा कशाला म्हणतात ते तिला ठाऊक होतं, आणि हा पुरावा नव्हता. पुरावा एकच होता, ती तीन उभी बोटं.

संध्याकाळी ती पुन्हा हेराच्या दारात गेली. आत गेली नाही.

"कमळ लाव."

"तता, नीट विचार केलास का? एक्कावन्न वर्षं..."

"ती माझी आहेत, मी बघते त्यांचं काय करायचं. तिची बोटं देठ धरायला घडवलीत. आपल्या चुकीसाठी तिने आणखी पन्नास वर्षं भात धरायचा का?" आणि जाता जाता म्हणाली, "पंधरा दिवसांत हवी. यावेळी हवामान सांगितलंस तर हाच चष्मा तुझ्या घशात घालीन."

हेराकाजीने नऊ दिवसांत केली. मेणाला शेण-मातीचा लेप, त्यावर भाताच्या कोंड्याचा, चुलीशेजारी वाळवण, मग ओतकाम. देठ मनगटापासून दंडापर्यंत वळवून, जिथे त्याने कानस मारली होती बरोबर तिथे झाळून बसवला. मग पाऱ्यात घोटलेलं सोनं चढवून, पारा जाळून, अकीकाने घासून चकाकी आणली. सांधा शोधायला गेलं तरी सापडत नव्हता.

"नऊ दिवस!" चंपाशोभा म्हणाली. तिला काम बघून जितका आनंद झाला होता, त्याहून जास्त राग आला होता. "नऊ दिवसांचं काम! चौदा महिने मी घरात कोंडून घेतलं!"

"हात बघ ना आधी," हेराकाजी म्हणाला.

"बघितला. चांगला आहे. चौदा महिने!"

विधीच्या दिवशी आईच्या जागी ती बसली. गुरुज्यूंनी बारशाला तिच्याकडे पाहिलं, आणि ती स्पष्ट म्हणाली, "तारा." कलशातलं पाणी मूर्तीवर शिंपडलं गेलं. अन्नप्राशनाला चांदीच्या चमच्याने देवीच्या ओठांना भात लावला. हेराकाजी उंबऱ्याबाहेर, त्याला जिथे बसायची परवानगी होती तिथे बसून होता. आतलं त्याला काही दिसत नव्हतं. विधी संपल्यावर त्याने एकच विचारलं, "हात दिसतो का गं वस्त्रातून?"

"या वेळी वस्त्राला तिथे चीर ठेवली आहे," ती म्हणाली.

चार दिवसांनी गातिलाचा दिवस आला. चौकातल्या बायका पिवळे दोरे घेऊन पूजेला निघाल्या. सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "आई, तुमच्या भाजीत आज मीठ घालू ना?"

"घाल की. मला काय आता?"

मीठ घातलेलं जेवण तिने पूर्ण खाल्लं. दिवसभर सुनेवर, शेजारणीवर आणि दूधवाल्यावर खेकसत राहिली.

आता राहिली लोंबी. जुनी, हेराने एकोणिसाव्या वर्षी केलेली, भूकंपात निखळलेली. गुरुज्यूंनी सांगितलं, ती वितळवायची नाही, विकायची नाही, दुसऱ्या मूर्तीला लावायची नाही. एक्कावन्न वर्षं तिची पूजा झाली आहे. जिने पूजा केली तिने आणि ज्याने घडवली त्याने, दोघांनी मिळून, ती शंखमूलच्या घाटावर नदीत सोडायची. चंपाशोभाने ती एका आगपेटीत कापसावर ठेवली आणि आगपेटी स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीमागे.

पहिल्या शनिवारी हेराकाजी बूट घालून, छत्री घेऊन आला. "चल तता, उरकून टाकू."

"आज गुडघा दुखतोय."

पुढच्या शनिवारी म्हणाली, "नदी बघितलीस का? नुसतं गटार झालंय. त्यात टाकू होय? पावसाळ्यात पाणी आलं की जाऊ." पावसाळ्यात म्हणाली, घाटाच्या पायऱ्या निसरड्या आहेत. मग डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग थंडी आली. हेराकाजी समजल्यासारखी मान हलवायचा, आणि ती मान हलवणं तिला सगळ्यात जास्त सलायचं, कारण चौदा महिने तिने तशी मान एकदाही हलवली नव्हती.

पुढे त्याने बूट घालून येणं सोडलं. चपला घालून यायचा, चहा प्यायचा आणि निघताना जिन्यावरून विचारायचा.

"शनिवारी जायचं का मग?"

"बघू," चंपाशोभा म्हणायची, आणि बरणी पुढे ओढून भाजीत मीठ घालायची.